मसाल्याच्या यादीतली मुंबई

मैत्रिणींनो, ‘मुंबईचे मूळचे कोण?’ हा प्रश्न चारचौघींत टाकून बघा. एकीचं माहेर सावंतवाडीकडचं निघेल, दुसरीचं साताऱ्याचं. तिसरी सांगेल, आम्ही चार पिढ्या गिरगावात, पण कुलदैवत मात्र गोव्यात! आता याचं उत्तर शोधायला शिरगणतीचे जाडजूड ग्रंथ घेऊन बसायला आपल्याला सवड कुठली? त्यापेक्षा सोपी वाट सांगते. एप्रिल-मे महिन्यात लालबागच्या मसाला गल्लीत जा. तिथे मिरच्या निवडून, भाजून, कांडून मिळतात आणि जी ती आपली यादी घेऊन आलेली असते. कुणाचा मालवणी, कुणाचा आगरी-कोळी, कुणाचा घाटावरचा कांदा-लसूण, कुणाचा गोडा, तर कुणाचा ईस्ट इंडियन ‘बॉटल मसाला’. धणे तेच, मिरचीही तीच, पण प्रमाण बदललं की गाव बदलतं. आपल्या या गिरगाव ते दादर पट्ट्याची याहून खमंग शिरगणती कुठे सापडायची नाही!

चला तर, गिरगावापासूनच सुरुवात करू.

मुंबई सात बेटांची होती तेव्हापासूनचे रहिवासी म्हणजे कोळी. त्यांच्या जोडीला आगरी, माडाची ताडी काढणारे भंडारी, पाचकळशी आणि पाठारे प्रभू. पाठारे प्रभूंची गिरगाव-ठाकुरद्वार भागात जुनी घरं होती. त्यांचा परभी सांबार मसाला आणि भानोलं अजून ज्यांच्या घरी होतं, त्या भाग्यवान म्हणायच्या. यांच्या पाठोपाठ कोकणातून आणि गोव्याकडून ब्राह्मण, सारस्वत आले आणि गिरगावच्या वाड्या भरत गेल्या. केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला तो याच वस्तीत.

पण गिरगाव म्हणजे नुसतं वरणभात-तूप असं समजू नका हं! खोताची वाडी बघा. खोत नावाच्या पाठारे प्रभू कुटुंबावरून वाडीला नाव पडलं आणि तिथे लाकडी जिन्यांची, नक्षीदार सज्जांची घरं बांधली ती ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी. ‘ईस्ट इंडियन’ म्हणजे कुणी परदेशी नव्हेत बरं का! पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झालेली ही इथलीच कोळी, भंडारी, कुणबी माणसं. घरात बोली मराठीची, लग्नात लुगडं आणि उंबराचं पाणी. गोवा-मंगळूरकडून नोकरीसाठी ख्रिस्ती लोक येऊ लागले, तेव्हा ‘आम्ही त्यांच्याहून वेगळे, इथले जुने’ हे कळावं म्हणून १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यांनी हे नाव घेतलं. वाडीत एके काळी पासष्टच्या आसपास घरं होती, आता निम्मीही उरलेली नाहीत.

गिरगावातून धोबीतलावाकडे वळलं की गोवेकरांचे ‘कूड’ लागतात. कूड म्हणजे एकेका गावाने मुंबईत घेतलेलं बिऱ्हाड. बोटीवर खलाशी म्हणून, साहेबाकडे आचारी म्हणून काम करणारा गावचा माणूस तिथे थोड्या पैशांत राहायचा. भिंतीशी प्रत्येकाची पेटी आणि संध्याकाळी सगळ्यांची मिळून प्रार्थना. हा कूड लक्षात ठेवा, कारण परळ-लालबागला त्याचा सख्खा भाऊ भेटणार आहे.

मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ साली ताडदेवला काढायचं ठरलं आणि बघता बघता परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी भोंग्यावर उठू लागली. माणसं आली ती सगळ्यांत जास्त रत्नागिरीकडून, मग साताऱ्या-पुण्याच्या घाटावरून. तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर आले. उत्तरेकडचे मोमीन विणकर मदनपुऱ्यात स्थिरावले. कोपऱ्यावर किराण्याचं दुकान घातलं कच्छी वाण्याने, चहाचं हॉटेल इराण्याने. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईतल्या दर शंभर माणसांत चौऱ्याऐंशीजणांचा जन्म मुंबईबाहेरचा होता! म्हणजे ‘मूळचे’ शोधायला गेलात तर शंभरात सोळा.

त्याच शिरगणतीतला आणखी एक आकडा आपण बायकांनी वाचण्यासारखा आहे. हजार पुरुषांमागे बायका होत्या जेमतेम सव्वापाचशे. दहा बाय बाराच्या खोलीत एकाच गावचे पुरुष पाळीपाळीने झोपायचे. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच जागी अंग टाकायचा. ही गावकऱ्यांची खोली म्हणजे गोवेकरांचा कूडच की! एका भिंतीवर येशूची तसबीर, दुसरीवर ग्रामदेवतेची, एवढाच काय तो फरक. आणि गावाकडे राहिलेली बायको? शेत, सासू-सासरे, गुरंढोरं सांभाळत मनिऑर्डरची वाट बघत बसलेली. मुंबईच्या लोकसंख्येत तिची मोजदाद कधी झाली नाही, पण गिरणी चालली ती तिच्याही जिवावर.

या एकट्या पुरुषांना जेवू घालायचं कुणी? तर खानावळवालीने. एवढ्याशा खोलीत चूल मांडून दहा-वीस जणांचे डबे करायचे, पगार होईपर्यंत उधारी सोसायची आणि वाण्याकडून व्याजाने सामान आणायचं. मालवणी बाईकडे मालवणी गडी, घाटावरच्या बाईकडे घाटावरचे. गावची चव परगावी टिकली ती या बायकांच्या हातून. त्यांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून दिलं.

हे सगळं वाचताना गोड वाटतं. पण मैत्रिणींनो, ज्या अंगणात आपण रांगोळी काढतो, ते अंगण सर्वांना मोकळं होतं का, हेही विचारायला हवं. गिरण्यांमध्ये दलित कामगारांना चांगल्या पगाराच्या विणकाम खात्यात शिरकाव नव्हता. तिथे धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि त्या धोट्याला ‘त्यांचं’ तोंड लागलेलं इतर कामगारांना चालत नसे. एकाच भोंग्याला उठणारे, एकाच बाजारात मिरच्या घेणारे हे लोक! डॉ. बाबासाहेब आंबेडकर पोयबावाडीतल्या बीआयटी चाळीत बरीच वर्षं राहिले. तिथल्या दोन खोल्यांतून ते १९३० नंतरच्या वर्षांत दादरच्या हिंदू कॉलनीतल्या ‘राजगृहा’त गेले. परळ ते दादर अंतर ते केवढंसं, पण ते चालून जायला काय लागलं असेल, याचा विचार करून बघा.

दादरची गोष्ट त्याहून निराळी. १८९६ च्या प्लेगने दाटीच्या वस्त्या हवालदिल झाल्या, म्हणून १८९८ साली इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याकडे मोकळे रस्ते आखले गेले. मंचेरजी जोशी या पारशी गृहस्थांनी खटपट करून पारशी कॉलनी उभी केली, शेजारी हिंदू कॉलनी, पुढे माटुंग्याला तमिळ मंडळी. पश्चिमेला त्या आधीपासूनचं, १५९६ सालचं पोर्तुगीज चर्च होतंच. कॉलनीची नावंच सांगतात, कोण कुणाशेजारी राहू इच्छीत होतं ते. जातवार, धर्मवार बिऱ्हाडं ही काही आजची टूम नव्हे. आज ‘मांसमच्छी खाणाऱ्यांना जागा नाही’ असं ऐकून आपल्याला राग येतो, आणि तो यायलाच हवा. पण आपल्या आज्यांच्या चाळीतसुद्धा आडनाव विचारूनच खोली मिळे, हेही विसरू नये.

मग एकोपा झाला कुठे? बाजारात, नळावर आणि मांडवात. पेरू चाळीचा बाजार १९३२ साली बंद झाला, तेव्हा उघड्यावर बसणाऱ्या कोळ्यांनी आणि विक्रेत्यांनी पक्क्या जागेसाठी नवस केला. जागा मिळाली आणि १९३४ साली लालबागचा राजा बसला. म्हणजे या गणपतीच्या मुळाशी मासळी विकणाऱ्यांची पाटी आहे!

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे आले, गिरगावाखालून मेट्रो धावू लागली. खोल्या विकून कुणी डोंबिवली-विरार गाठलं, कुणी गावाकडे परतलं. आता मनोऱ्यांत नवी माणसं आली आहेत. तीही कुठून तरी आलेलीच. त्यांच्या स्वयंपाकघरातही कुठला तरी मसाला असणारच.

तेव्हा यंदा मसाला करताना एक काम करा. आपल्या घराची यादी वहीत उतरवून ठेवा आणि खाली लिहा, ही कुणाकडून आली, ती कुठल्या गावची, मुंबईत कुणाच्या पाठोपाठ आली. सासूबाईंना विचारा, आईला विचारा. त्या आहेत तोवरच विचारा. आणि शेजारी नवं बिऱ्हाड आलं असेल, तर आडनाव विचारण्याआधी वाटीभर मसाला घेऊन जा. वाटी रिकामी परत येणार नाही, ही इथली रीत आहे!