हे वाद्य आपले आहे का?

स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा मला प्रथम आठवला तो दोन वर्षांपूर्वीचा पालकमेळावा. मी या शाळेचा माजी विद्यार्थी. शिक्षण संपल्यावर नाशिकलाच स्थिरावलो आणि दर शनिवारी दुपारी शाळेत येऊन मुलांना गिटार शिकवू लागलो. त्या दिवशी आठवीतला एक मुलगा आपल्या वडिलांना वाजवून दाखवत होता. वडील भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवणारे. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मला बाजूला नेऊन म्हणाले, "सर, राग मानू नका. पण हे वाद्य आपलं न्हाई, चर्चातलं हाये. पोराला पेटी शिकवा, ढोलकी शिकवा. १४ एप्रिलला कामाला येईल." पुढच्या शनिवारी तो मुलगा वर्गाला आला नाही.

त्यांचे बोलणे मला लागले, पण रागावण्यासारखे त्यात काही नव्हते. १९३० साली याच शहरात काळाराम मंदिराच्या दाराशी ज्या समाजाला अडवले गेले, त्या समाजाने आपले गाणे स्वतः घडवले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेल्या वामनदादा कर्डकांनी ते गाणे गावोगाव पोहोचवले. पेटी आणि ढोलकी आमच्या घरांत आली ती त्या गाण्याचे बोट धरून. जे एवढ्या कष्टाने आपले झाले, ते मुलाच्या हातून सुटू नये, ही बापाची काळजी होती. बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते, एवढे सांगूनही मला त्यांना गप्प करता आले असते. परंतु गप्प झालेल्या माणसाची शंका फिटलेली असतेच असे नाही. म्हणून मी काहीच बोललो नाही आणि घरी येऊन एका ख्रिस्ती गिटारवादकाची जुनी ध्वनिमुद्रिका लावून बसलो.

अमान्सिओ डिसिल्वा हे त्यांचे नाव. १९३६ साली मुंबईत एका गोमंतकीय कॅथलिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन आणि वाद्यवादन शिकवण्याची परंपरा पोर्तुगीज काळापासून होती. तिथून घडलेले वादक पुढे मुंबईच्या हॉटेलांतून आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतून वाजवू लागले. पडद्यावर त्यांची नावे क्वचितच येत. डिसिल्वांनी मात्र जॅझची वाट धरली. त्यांच्या वादनावर प्रसन्न होऊन जयपूरच्या महाराणींनी त्यांना गिब्सन कंपनीची गिटार भेट दिली. १९६७ साली ते लंडनला गेले आणि १९६९ साली त्यांची 'इंटिग्रेशन' ही ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यातील रचनांची नावे पाहिली तरी त्यांचे मन कुठे गुंतले होते ते कळते. एकीचे नाव 'गॅंजिस', दुसरीचे 'जयपूर', आणि एक चक्क 'अ स्ट्रीट इन बॉम्बे', म्हणजे मुंबईतला एक रस्ता.

गिटारच्या मानेवर धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यामुळे तिचे स्वर ठरावीक जागी थांबतात. आपल्या गाण्यात तर एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याला, मींडेला, मोठे मोल. गिटारवर ती आणायची तर तार बोटाने बाजूला खेचावी लागते. कितपत खेचायची याचे माप कानातच असावे लागते. थोडी कमी पडली तर स्वर पोहोचत नाही, थोडी अधिक झाली तर बेसूर होतो. जॅझमध्ये आणि रागसंगीतात एक मोठे साम्य आहे. दोन्हीकडे कलावंत श्रोत्यांसमोर, त्या क्षणी, नवे रचत जातो. डिसिल्वांनी या दोन्ही कुळांना एका गिटारवर नांदवले.

त्याच वर्षी त्यांची आणखी एक ध्वनिमुद्रिका निघाली. तिचे नाव हिंदी आहे, 'हम दोनो'. यातला दुसरा म्हणजे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट. १९२८ साली जमैकात जन्मलेला हा कृष्णवर्णीय मुलगा किंग्स्टनच्या अल्फा या निवासी शाळेत वाढला. कॅथलिक जोगिणी चालवत असलेल्या त्या शाळेत निराधार मुलांना वाद्ये शिकवली जात. तिथे हॅरियटच्या हाती क्लॅरिनेट आले आणि त्या शाळेच्या बळावर तो १९५१ साली इंग्लंडला जाऊन पोहोचला. तिथे मोठे नाव झाले, तरी पैसा टिकला नाही. १९७३ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, विपन्नावस्थेत त्याचा अंत झाला. डिसिल्वांनी उत्तर आयुष्यात लंडनमधील जेनाको आर्ट्स या कलाकेंद्रात शिकवण्याचे काम केले आणि १९९६ साली तेही गेले. 'हम दोनो'त एक गायिकाही आहे, नॉर्मा विन्स्टन. ती शब्दांविना नुसत्या स्वरांनी गाते. एक आफ्रिकी वंशाचा, एक गोव्याचा, एक इंग्लंडची. हे वाद्य कुणाचे, असा प्रश्न तिथे कुणाला पडलेला दिसत नाही.

अल्फा शाळेविषयी वाचताना मला आपले नाशिक आठवले. ज्या शरणपूर रस्त्यावरून आपण रोज ये-जा करतो, त्या शरणपुरात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी आफ्रिकी मुलांसाठी आश्रम चालवला होता. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली मुले तिथे लिहायला-वाचायला आणि हातकाम शिकत. त्यांतलाच जेकब वेनराईट हा डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या प्रवासात सामील झाला. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले, तेव्हा जवळच्या झाडावर त्यांचे नाव कोरण्याचे काम त्याने केले, कारण त्याला लिहिता येत होते. १८७४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांचा दफनविधी झाला, तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत तो होता. घर नसलेल्या मुलाच्या हाती निवासी शाळा एखादे अक्षर देते, एखादे वाद्य देते. ते त्याला कुठवर नेईल, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते. आपल्या वसतिगृहात पत्र्याची पेटी घेऊन दाखल झालेल्या आम्हा मुलांना हे निराळे सांगायला नको.

आणि तंतुवाद्य आपल्याला परके तरी कसे असेल? सोण नावाचा भिक्खू पाय रक्तबंबाळ होईपर्यंत चंक्रमण करीत होता, तेव्हा तथागतांनी त्याला त्याच्या पूर्वीच्या वीणेची आठवण करून दिली. तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या, तर वीणा नीट वाजते का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. ही कथा आम्ही त्रिरश्मी लेण्यांच्या सहलीत गुरुजींकडून ऐकली होती. गिटार जुळवताना ती मला आजही आठवते.

महिनाभराने मी गिटार घेऊन त्या मुलाच्या घरी गेलो. चहा झाला. डिसिल्वा, हॅरियट, शरणपूर असे सगळे मी सांगत गेलो. मुलाच्या वडिलांनी ऐकून घेतले, मान मात्र हलवली नाही. शेवटी म्हणाले, "ते समदं खरं असंल सर. पण त्याच्यावर आमचं गाणं वाजंल का?"

मी वामनदादांच्या एका गाण्याची चाल वाजवायला घेतली. दोन ओळी होताच त्यांनी खुंटीवरची ढोलकी काढून मांडीवर घेतली आणि ठेका धरला. त्यांच्या ठेक्यापुढे माझी बोटे अडखळली, लय सुटली. ते थांबले. माझ्याकडे पाहून पहिल्यांदाच हसले आणि म्हणाले, "तुमाला ठेका शिकावा लागंल सर."

मी म्हटले, "शिकवाल?"

त्यांनी उत्तर दिले नाही. दारात उभ्या असलेल्या मुलाला एवढेच म्हणाले, "शनिवारी जात जा."

मुलगा आता दहावीत आहे आणि शनिवार चुकवत नाही. रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी ढोलकी शिकायला जातो.