बाबांबरोबर फ्लॉरेन्सच्या छपरांवर

गेल्या वर्षी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी दोन महिने बडोद्याला राहून घरूनच काम केलं. संध्याकाळचे व्यायाम उरकले की बाबा कंटाळायचे. बातम्या तरी किती बघणार? एके दिवशी मी लॅपटॉप हॉलमधल्या टीव्हीला जोडून 'असॅसिन्स क्रीड'चा दुसरा भाग खेळत बसलो होतो. इंजिनिअरिंगला असताना या गेमपायी बऱ्याच रात्री जागवल्या होत्या, म्हणून सहज परत उघडला. बाबा पाच-दहा मिनिटं गप्प बघत होते. मग म्हणाले, "अरे, त्याला सारखं पळवतोस कशाला? जरा चालू दे ना. शहर चांगलं दिसतंय."

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मारेकऱ्यांचा एक गुप्त पंथ आणि त्यांचे वैरी टेम्पलर यांची ही गोष्ट आहे. पहिला गेम २००७ साली आला आणि मालिका अजून चालू आहे. प्रत्येक भागात वेगळा काळ, वेगळं शहर. आपण भिंतीवर चढायचं, गर्दीत मिसळायचं, पहारेकऱ्याची पाठ फिरेपर्यंत थांबायचं आणि काम झालं की कोणाला कळायच्या आत नाहीसं व्हायचं. उंच मनोऱ्यावरून खालच्या गवताच्या गाडीत उडी मारणं ही या मालिकेची खूण. त्या उडीला आई दर वेळी "अगं बाई!" म्हणायची.

त्या दिवसापासून आमचा रोज तासभराचा कार्यक्रम ठरला. बाबांची अट एकच, गरज नसताना पळायचं नाही. माझ्या नकळत ती अट म्हणजे सगळ्या भागांची परीक्षाच झाली. जिथे चालत जाण्यात मजा आली ते भाग आम्ही पुरे केले, बाकीचे अर्ध्यावर सुटले.

पहिल्या भागापासून सुरुवात करायला हवी. साल ११९१, तिसरं धर्मयुद्ध, आणि दमास्कस, जेरुसलेम, अक्का ही तीन शहरं. दमास्कस उबदार पिवळसर, अक्का निळसर-करडं. कॉलेजात असताना हा भाग मला रटाळ वाटला होता. नऊ माणसं मारायची आणि प्रत्येकाच्या आधी तेच ते करायचं: बाकावर बसून दोघांचं बोलणं ऐकायचं, कोणाच्या खिशातलं पत्र काढायचं, कोणाला गल्लीत गाठून बोलतं करायचं. आता बाबांच्या शेजारी बसून खेळताना कळलं, की हा भाग मुळात चालण्यासाठीच केलेला आहे. धावलात की लोक वळून बघतात आणि पहारेकरी सावध होतात. खाली मान घालून, हात जोडून पांढऱ्या कपड्यांतल्या विद्वानांच्या घोळक्यातून गेलात तर कोणी अडवत नाही. रटाळ आहे हे खरंच. तीच ती कामं पाचव्यांदा करताना बाबासुद्धा जांभया देत होते. पण दमास्कसमधला रस्ता त्यांना पाठ झाला होता. "आता मशिदीच्या मागून जा, तिकडे पहारा कमी असतो," असं सांगायला लागले होते.

इथे जरा आडवाट. हा पंथ कल्पनेतून आलेला नाही. इराणातला आलमूतचा किल्ला १०९० मध्ये हसन-इ-सब्बाहच्या हाती आला आणि १२५६ मध्ये मंगोलांपुढे पडला. गेममधला मस्याफचा किल्लाही सिरियात खरोखर आहे. हे लोक निझारी इस्माइली. नशा देऊन त्यांच्याकडून खून करवले जात, ही मार्को पोलोने जगभर पोचवलेली गोष्ट दंतकथा असल्याचं फरहाद दफ्तरी या इतिहासकाराने दाखवून दिलं आहे. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "इस्माइली म्हणजे आगाखानांचेच ना?" अगदी बरोबर! आगाखान घराणं स्वतःची परंपरा याच इमामांपर्यंत नेतं. पहिले आगाखान १८४० च्या दशकात इराणातून हिंदुस्थानात आले, पुढे मुंबईत राहिले आणि १८८१ मध्ये वारले. त्यांची कबर माझगावच्या हसनाबादमध्ये आहे. पुण्यात आपण गांधीजींच्या स्थानबद्धतेसाठी ज्या आगाखान पॅलेसकडे बघतो, तो त्यांच्या नातवाने १८९२ मध्ये बांधलेला. सिरियातल्या किल्ल्यातून निघून आम्ही पाच मिनिटांत येरवड्याला पोचलो.

दुसरा भाग २००९ चा. इटलीतला एझिओ नावाचा तरुण, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस. आमच्या घरात हाच सर्वांत आवडता. इथे लपण्याच्या नाना तऱ्हा आहेत. नाणी उधळली की लोक गोळा होतात आणि पहारेकरी त्यांत अडकतात. पैसे दिले की चोरांची टोळी पहाऱ्यावरच्या शिपायांना आपल्या मागे पळवून नेते. २६ एप्रिल १४७८ च्या रविवारी पात्सी घराण्याच्या कटात मेदिची भावांवर भर कॅथीड्रलमध्ये हल्ला झाला. जुलिआनो मेला, लोरेंझो वाचला. गेममध्ये जखमी लोरेंझोला सुखरूप नेण्याचं काम आपल्यावर येतं. बाबांनी त्या रात्री कटाची सगळी माहिती मोबाइलवर वाचून काढली आणि सकाळी चहाबरोबर मला परत सांगितली.

लहानपणी दांडिया बाजारातल्या आजोबांच्या वाड्यात आम्ही लपंडाव खेळायचो. ज्याला मागचं दार, माडीवरची चोरखोली आणि शेजारच्या गच्चीचा कठडा ठाऊक, तो कधीच सापडायचा नाही. या गेमचंही तसंच आहे. नुसतं पळायला शहर माहीत असावं लागत नाही, लपायचं तर मात्र गल्लीन् गल्ली माहीत असावी लागते. म्हणून ज्या भागांत लपणं सोपं किंवा निरर्थक झालं, त्यांतली शहरं कितीही देखणी असली तरी मनात राहिली नाहीत. 'ब्रदरहूड'मधलं रोम याचं उदाहरण. सहकाऱ्यांना इशारा केला की वरून बाणांचा पाऊस पडतो आणि सगळे पहारेकरी एकदम आडवे. सोय छान आहे, पण मग गल्लीत डोकावायचं कारणच उरत नाही. 'रेव्हलेशन्स'मध्ये एझिओ पन्नाशी ओलांडून १५११ च्या इस्तंबूलला येतो. दाढी पांढरी झालेली, चाल थोडी जड. बाबांना तो फार जवळचा वाटला. "याचे गुडघे बरे दिसतात," एवढीच तक्रार.

'युनिटी'मध्ये क्रांतीच्या काळातलं पॅरिस आहे. २०१४ मध्ये आला तेव्हा तो तांत्रिक चुकांमुळेच जास्त गाजला. तरी नोत्र दामसाठी तो खेळावाच. कॅरोलिन मिउस या कलाकाराने या एका इमारतीवर जवळपास दोन वर्षं काम केलं. तिच्या आत शिरून, कबुलीजबाबाच्या लाकडी खोक्यात बसून सावजाची वाट बघायची. वरचा टोकदार कळस मात्र त्या काळचा नाही. जुना कळस क्रांतीच्या आधीच उतरवला होता आणि नवा १९व्या शतकात चढला. तोच १५ एप्रिल २०१९ च्या आगीत कोसळला. बाबांनी मला आत अर्धा तास फिरायला लावलं. सावज बिचारं ताटकळत राहिलं.

'ओडिसी'तला ग्रीस इतका अफाट आहे की घोड्यावरून जाता जाता बाबांना झोप लागली. शिवाय शत्रू आपल्याहून वरच्या लेव्हलचा असला तर मागून अचूक वार करूनही तो मरत नाही. मग लपायचं कशासाठी? आमच्या देशावरचा 'क्रॉनिकल्स: इंडिया' १८४१ च्या अमृतसरमध्ये सुरू होतो, पण तो डावीकडून उजवीकडे सरकणारा सपाट गेम. इतकी शहरं गच्चीवरून बघितल्यावर आपल्याच देशात गच्ची मिळू नये, याचं वाईट वाटलं.

शेवटचा 'मिराज', २०२३ चा. पुन्हा एकच शहर, पुन्हा लपणं महत्त्वाचं. खलिफा मन्सूरने ७६२ मध्ये बगदाद वसवलं ते गोल तटबंदीचं, चार दिशांना चार दरवाजे आणि मधोमध महाल. बाबा सरसावून बसले. "म्हणजे आपलं लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडी आणि मध्ये मांडवी!" त्या गोल शहराचं आज जवळजवळ काही उरलेलं नाही, आणि आम्ही तिथे तीन संध्याकाळी फिरलो.

या वसंतात ऑफिसच्या कामाने युरोपात जाणं झालं आणि एक शनिवार-रविवार फ्लॉरेन्ससाठी काढला. सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनवर उतरून बाबांना व्हिडिओ कॉल लावला. नकाशा बघायचा नाही, असं आमचं ठरलं होतं. "सरळ जा, आता घुमट दिसेल," बाबा म्हणाले. दिसला नाही. "आता दिसेल." तरी नाही. गेमवाल्यांनी इमारती तशाच ठेवल्या होत्या, मधली अंतरं मात्र आवळून घेतली होती. क्रम बरोबर, पण पावलं कितीतरी जास्त. दहा मिनिटांनी गल्ली संपली आणि ब्रुनेलेस्कीचा तो लाल घुमट अचानक समोर आला, तेव्हा बाबा काही बोललेच नाहीत. मला वाटलं कॉल तुटला.

वर जायला ४६३ पायऱ्या. बाबांना मोबाइलमध्ये घेऊन चढलो. धापा टाकत वर पोचल्यावर त्यांनी विचारलं, "गवताची गाडी आहे का खाली?"

दुसऱ्या दिवशी सिएनाहून बसने मॉन्तेरिज्जोनीला गेलो. एझिओच्या काकांचं गाव. टेकडीवर गोल तट, त्यावर १४ बुरूज, आणि आत पाच मिनिटांत संपणारं गाव. तट अगदी ओळखीचा. वेशीतून आत शिरलो, चौक लागला, साधं दगडी चर्च लागलं. गेममध्ये चौकाच्या टोकाला काकांचा भला मोठा वाडा आहे. आम्ही पैसे साठवून, खोली खोली दुरुस्त करून तो उभा केला होता. प्रत्यक्षात तिथे तसा वाडा कधीच नव्हता, हे मला माहीत होतं. बाबांना सांगायचं राहिलं होतं.

"फोन जरा वर धर," बाबा म्हणाले. "वाडा कुठाय?"

"बाबा, वाडा नाहीये. तो गेमवाल्यांनी घातलेला."

थोडा वेळ ते स्क्रीनकडे बघत राहिले. मागून आई विचारत होती, काय झालं.

"मग इतके दिवस आपण," बाबा म्हणाले, "कोणाचं छप्पर शाकारत होतो?"