टॉकबॅकवर सगळ्यांना ऐकू येतं, सर

सर,

पत्रावर तुमचं नाव घातलेलं नाही, कारण तुम्ही एकटे नाही. घोडबंदर रोडच्या बंगल्यांपासून गोरेगावच्या चित्रनगरीपर्यंत आणि मढपासून सातारा-वाईपर्यंत जिथे जिथे रोजची मालिका उभी राहते, तिथे मॉनिटरसमोरच्या खुर्चीत तुमच्यासारखं कुणीतरी बसलेलं असतं. कुठे ईपी म्हणजे कार्यकारी निर्माता, कुठे क्रिएटिव्ह हेड, कुठे दिग्दर्शक. मी तुमच्या हाताखाली सहायक म्हणून काम केलं, पुढे संवाद लिहायला लागले. तुमच्याकडून खूप शिकले. लांबलचक सीन उतरत्या उन्हाच्या आत कसा बसवायचा, दोन युनिटमध्ये एकच कलाकार कसा वाटून घ्यायचा, हे मला दुसऱ्या कुणी शिकवलं नसतं. म्हणूनच हे तुम्हाला लिहिते आहे.

हळदीकुंकवाचा सीन तुम्हाला आठवत नसेल. मला आठवतो. सकाळी सातचा कॉल होता. सीनची पानं आली दुपारी दोन वाजता, कारण आदल्या रात्री चॅनेलने ट्रॅक बदलला होता. तोवर अख्खं युनिट बसून. चारच्या सुमारास मास्टर शॉट झाला. क्लोजअपला गेल्यावर लक्षात आलं की मास्टरमध्ये नायिकेचं मंगळसूत्र पदराच्या आत होतं आणि आता ते बाहेर आहे. कंटिन्युइटी बघणारी मुलगी नवीन होती. तिच्या वहीत पदराची बाजू, बांगड्यांचा क्रम, गजरा, हातातल्या तबकात काय काय होतं, सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. मंगळसूत्र तेवढं राहिलं होतं.

तुम्ही टॉकबॅक चालू केलात. तुमचा आवाज फ्लोअरवरच्या स्पीकरमधून येतो. लाइटदादा, सेटिंगदादा, आतल्या खोलीत नऊवारी नेसून बसलेल्या ज्युनिअर आर्टिस्ट बायका, बाहेर जनरेटरपाशी उभा असलेला ड्रायव्हर, सगळ्यांना तो ऐकू येतो. तुम्ही तिच्या अकलेबद्दल बोललात, तिच्या आईवडिलांबद्दल बोललात, तिला हे काम कुणी आणि कशासाठी दिलं असेल याबद्दलही बोललात. एक वाक्य मी इथे लिहू शकत नाही. ते चालू असताना ती नायिकेचं मंगळसूत्र पदराच्या आत सारून पिन लावत होती, कारण पुढचा शॉट लागायचा होता. नायिकेने मान दुसरीकडे वळवली. आम्ही सगळे आपापल्या कामात गढल्यासारखे उभे राहिलो.

त्याच दुपारी नायिका व्हॅनिटीतून पाऊण तास उशिरा आली होती. तुम्ही स्वतः दारापर्यंत गेलात आणि हळू आवाजात म्हणालात, "बेटा, रेडी असशील तर येतेस का?" ज्यांच्यामुळे पानं उशिरा आली, त्या चॅनेलच्या मॅमचा फोन आला तेव्हा तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, "हो मॅम, होऊन जाईल."

राग अनावर होतो, असं तुम्ही नेहमी सांगता. पण अनावर झालेला राग माणूस बघून थांबत नाही. तुमचा थांबतो. ज्याच्या हातात तुमचं काम काढून घ्यायची ताकद आहे, त्याच्यापुढे तो आलेला मी एकदाही पाहिला नाही. याचा अर्थ तुम्हाला तो आवरता येतो, रोज येतो. कुणापुढे आवरायचा हे तुम्ही ठरवता.

तुमच्यावरचा ताण मला माहीत नाही असं नाही. गुरुवारी बार्कचे प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात. ते घसरले की चॅनेलचा फोन येतो, लिहून मंजूर झालेले भाग बाजूला पडतात, आम्ही लेखक रात्रभर नवे सीन लिहितो, हाताशी असलेली भागांची बँक संपते. मग आज शूट केलेलं उद्या-परवा दाखवायची वेळ येते. दोन युनिटं लागतात, रात्री नऊचा पॅकअप अकरावर जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सातचा कॉल असतो. नालासोपाऱ्याला राहणाऱ्या हेअरच्या ताईंनी रात्री किती वाजता घरी पोचायचं आणि पहाटे किती वाजता निघायचं, याचा हिशेब कॉलशीटवर नसतो. हा सगळा घोळ वरून येतो. वर बोलायची सोय नाही, म्हणून वड्याचं तेल वांग्यावर निघतं. पण तुमच्या खाली जी माणसं आहेत, त्यांच्या खाली कुणीच नाही सर. ती हे सगळं घरी घेऊन जातात.

टेलिकास्ट थांबत नाही, हे तुमचं दुसरं उत्तर. मार्च २०२० मध्ये तो थांबला. टाळेबंदीत चित्रीकरणं बंद पडली, चॅनेलांनी जुने भाग लावले, जुलैत नवे भाग सुरू झाले आणि प्रेक्षक पुन्हा टीव्हीसमोर बसले. त्या महिन्यांत हाल झाले ते आमचे, कारण केलेल्या कामाचे पैसे अडकले होते. या धंद्यात पैसे हातात यायला ९० दिवस लागतात, हे बाहेरच्या अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. ही मुदत ३० दिवसांवर आणा, अशी मागणी कलाकारांच्या 'सिंटा' या संघटनेने केली होती. मला वाटतं, सेटवरच्या शांततेचं खरं कारण या ९० दिवसांत आहे. आज ऐकलेल्या शिवीबद्दल तोंड उघडायचं, तर मागच्या तीन महिन्यांची कमाई तुमच्या सहीसाठी अडलेली असते. घरभाडं द्यायचं असतं. माणूस गप्प बसतो, दुसऱ्या दिवशी वेळेवर येतो, तुम्हाला "गुड मॉर्निंग सर" म्हणतो. तुम्हाला वाटतं, युनिट तुम्हाला मानतं.

तक्रार कुठे करायची हेही सांगा. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसं असलेल्या कामाच्या जागी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असायला हवी आणि तिची माहिती ठळक दिसेल अशी लावायला हवी. मी काम केलेल्या एकाही सेटवर तो कागद मला दिसला नाही. शिवीगाळीसाठी, चारचौघांत केलेल्या अपमानासाठी, झोप न देणाऱ्या वेळापत्रकासाठी तर ती समितीही नाही. बोलायचं ते प्रॉडक्शनशी, म्हणजे फिरून तुमच्याशीच.

हे फक्त आपल्याकडचं आहे असं समजून सुटका करून घेऊ नका. अमेरिकेत एलन डीजेनेरस यांचा कार्यक्रम २००३ पासून चालला होता. एकमेकांशी मायेने वागा, असं त्या प्रेक्षकांना सांगत आल्या होत्या. जुलै २०२० मध्ये 'बझफीड न्यूज'ने त्यांच्या आजी-माजी कर्मचाऱ्यांचं म्हणणं छापलं. आजारपणासाठी किंवा घरच्या अंत्यविधीसाठी रजा घेतल्यावर काम गेलं, असं काहींनी सांगितलं. रोजच्या त्रासाचं बोट बहुतेकांनी कार्यकारी निर्मात्यांकडे आणि वरिष्ठांकडे दाखवलं, म्हणजे तुमच्याच खुर्चीकडे. अंतर्गत चौकशी झाली आणि ऑगस्टमध्ये तीन वरिष्ठ निर्मात्यांना जावं लागलं. कार्यक्रम वाढत गेला तसं आपलं सगळीकडे लक्ष राहिलं नाही, असं एलन यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलं. मे २०२२ मध्ये कार्यक्रम संपला. ब्रिटनमध्ये 'मास्टरशेफ'चे सूत्रधार ग्रेग वॉलेस यांच्या वागण्याची चौकशी झाली. जुलै २०२५ च्या अहवालात ८३ आरोपांपैकी ४५ ग्राह्य ठरले आणि त्यातले बहुतेक २००५ ते २०१८ या काळातले होते. इतकी वर्षं सेटवरची माणसं ते पोटात घेऊन दुसऱ्या कामाला, तिसऱ्या कामाला जात राहिली.

एकदा पॅकअपनंतर चहा घेताना तुम्ही आम्हाला तुमच्या उमेदवारीच्या दिवसांचं सांगितलं होतंत. तुमच्या दिग्दर्शकांनी सगळ्यांसमोर स्क्रिप्ट तुमच्या तोंडावर भिरकावली होती. त्यामुळेच मी घडलो, असं तुम्ही म्हणालात. सांगताना हसत होतात. पण कुठला स्टुडिओ, कुठला मजला, कोण कोण उभं होतं, कुणी पानं गोळा करून दिली, हे सगळं इतक्या वर्षांनी तुम्हाला जसंच्या तसं आठवत होतं.

नंतर मी दुसऱ्या एका मालिकेत काम केलं. तिथले दिग्दर्शक टॉकबॅकवर फक्त "रोल", "ॲक्शन", "कट" आणि कलाकारांसाठीच्या सूचना देत. कुणाचं चुकलं, तर खुर्चीतून उठून फ्लोअरवर येत, त्या माणसाला बाजूला घेत आणि काय चुकलं ते सांगत. कधी कधी कडक शब्दांत सांगत, पण त्याला एकट्यालाच. भाग तिथेही वेळेवरच जायचा. आकडे तिथेही पडायचे. फरक एवढाच, की आपली चूक माणसं स्वतःहून सांगायची. तुमच्या सेटवर सगळे ती लपवायचे आणि ती एडिटला सापडायची, तेव्हा रीशूट करण्यावाचून इलाज नसायचा. निर्मात्याच्या पैशाचा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला जाणता, तुम्हीच करून बघा.

चॅनेलशी तुम्ही भांडावं, अशी माझी मागणी नाही. ती लढाई मोठी आहे आणि संघटना सोबत असल्याशिवाय कुणा एकाला झेपणारी नाही. पण टॉकबॅकचं बटण तुमच्या बोटाखाली आहे. पॅकअप आणि पुढचा कॉल यांत बारा तास ठेवायचे की आठ, हे पुष्कळदा तुमच्याच हातात असतं. समितीचा कागद मेकअप रूमच्या दारावर लावायला कुणाची परवानगी लागत नाही.

त्या मुलीने आठवड्याभरात काम सोडलं. तिने केलेल्या शिफ्टचं बिल अजून निघालेलं नाही. अकाउंट्सवाले सांगतात, तुमची सही राहिली आहे. हे पत्र वाचून झालं की पहिल्यांदा ते बिल मागवून घ्या.

तुमची एके काळची सहायक