पेन्सिलीची रेघ

परवा भाचा घरी आला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नवा कॉम्प्युटर जोडायचाय, तर 'के'वाला प्रोसेसर घेऊ का, असं विचारत होता. (इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी 'के' असला की त्याचं कुलूप उघडं आहे असं समजायचं. वेग आपला आपण वाढवा.) मी म्हटलं, घे की. मग त्याने हळूच विचारलं, "मामा, ओव्हरक्लॉक केला आणि जळला, तर वॉरंटीत मिळेल ना बदलून? त्यांना काय कळणारे?"

मी एकदम गप्प झालो. हाच प्रश्न २००२ सालच्या मे महिन्यात मी स्वतःला विचारला होता, आणि त्याचं उत्तर खोडरबराने दिलं होतं.

तेव्हा आम्ही बदलापूरला, कुळगावात राहायचो. बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर. पतपेढीचं कर्ज काढून त्यांनी मला कॉम्प्युटर घेऊन दिला होता, उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका छोट्या दुकानातून. आत एएमडीचा ड्युरॉन, ६५० मेगाहर्ट्झचा. दुकानाची एक वर्षाची वॉरंटी.

त्या काळात पोराटोरांत एक युक्ती फिरत होती. या चिपच्या अंगावर 'एल-वन' नावाचे अगदी बारीक पूल असायचे. वापरणाऱ्याने वेगाचा गुणक बदलू नये म्हणून ते तोडून ठेवलेले असत. पण साध्या शिसपेन्सिलीने त्यांवर रेघ ओढली की ते जोडले जायचे, कारण पेन्सिलीतल्या ग्राफाइटमधून वीज वाहते. झालं, कुलूप उघडलं! मी बाबांच्या ड्रॉइंगच्या डब्यातली टू-बी पेन्सिल घेतली, भिंग लावलं आणि ६५०चा ९०० केला. थोडं व्होल्टेजही वाढवलं. महिनाभर कॉलेजात माझी कॉलर ताठ होती.

आता हे फुकटचं कुठून येतं? तर एकाच तबकडीवरच्या चिपा तपासून कंपनी त्यांच्यावर वेगाचा शिक्का मारते. बऱ्याच चिपांची ताकद शिक्क्यापेक्षा जास्त असते. कधी बाजारात स्वस्त मालाला मागणी असते म्हणून चांगल्या चिपेवरही खालचा शिक्का बसतो. पण उरलेली ताकद अगदीच फुकट नसते. ती उन्हाळ्यासाठी, धुळीसाठी, वय झाल्यावरच्या दिवसांसाठी राखलेली असते. व्होल्टेज आणि उष्णता वाढली की आतल्या तारांमधले धातूचे अणू हळूहळू सरकू लागतात, चिप लवकर म्हातारी होते. वॉरंटी असते ती शिक्क्यावरच्या वेगाची.

बाबांना हे विचारलं असतं तर त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं असतं. कारखान्यातल्या क्रेनवर 'पाच टन' लिहिलेलं असतं. सहा टन उचललं म्हणून लगेच साखळी तुटत नाही, पण त्या दिवसापासून ती पाच टनाची राहिलेली नसते. पण मी विचारलंच नाही.

मे महिन्यात एका दुपारी, पंख्यात धूळ अडकलेली, वर पत्रा तापलेला, आणि स्क्रीन काळा झाला. परत आलाच नाही. (त्या चिपेत स्वतःला गरम होण्यापासून वाचवायची काही सोयच नव्हती.)

रात्री मी खोडरबराने ती रेघ पुसली. अगदी निगुतीने. दुसऱ्या दिवशी रविवार होता, बाबा सोबत आले. गाडीत नेहमीचा विनोद झालाच. उल्हासनगरचा माल म्हणजे 'मेड इन यूएसए', उल्हासनगर सिंधी असोसिएशन! शेजारचा माणूस हसला, मीही हसलो. फाळणीनंतर लष्कराच्या रिकाम्या बराकींत येऊन पडलेल्या माणसांनी हे गाव उभं केलं, १९४९ साली त्याला नाव मिळालं, आणि आम्ही पन्नास वर्षांनंतरही त्यांच्या मालाला नकली म्हणून हसत होतो. त्या दिवशी त्या गाडीतला नकली माल माझ्या खिशात होता.

दुकानदार काकांनी चिप उजेडात धरली. मग माझ्याकडे बघितलं. "बेटा, स्पीड ऊपर-नीचे तो नहीं किया ना?"

"नहीं अंकल."

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. चिठ्ठी फाडून दिली. आठ दिवसांनी दुसरा ड्युरॉन मिळाला.

परतीच्या गाडीत बाबा खिडकीबाहेर बघत होते. अंबरनाथ गेलं तरी काही बोलले नाहीत. बदलापूरला उतरताना एवढंच म्हणाले, "ती माझी पेन्सिल जागेवर ठेव." पुढे कधीही त्यांनी हा विषय काढला नाही. जन्मभर दुसऱ्यांचा माल तपासून 'रिजेक्ट'चा शिक्का मारणारा माणूस त्या दिवशी दुकानात माझ्याशेजारी गप्प उभा होता. का, ते मी त्यांना विचारू शकलो नाही. आता ते नाहीत.

असो.

पुढे २०१२च्या जानेवारीत इंटेलने एक योजना काढली. वीस ते पस्तीस डॉलर जादा भरा, मग ओव्हरक्लॉक करून प्रोसेसर मेला तरी एकदा बदलून मिळेल. वाचून मला हसू आलं. खरं बोलण्याचा भाव वीस डॉलर! २०२१च्या मार्चमध्ये ती योजना बंद झाली, मागणी कमी झाली म्हणे. आणि २०२४ साली उलटंच झालं. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे खराब व्हायला लागले. काहींच्या मालकांनी तर वेगाला हातही लावला नव्हता. तेव्हा कंपनीने त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षं केली. म्हणजे ज्याची चूक त्याने भरायची. हिशोब साधाच आहे, मी एकदा चुकवलेला.

काही वर्षांपूर्वी मुद्दाम कॅम्प तीनला जाऊन आलो. खिशात साडेतीन हजार घेऊन. त्या जागी मोबाईलच्या कव्हरांचं दुकान होतं, आणि जुन्या काकांना ओळखणारं तिथे कोणी नव्हतं. माझी ती चिप पुढे कंपनीने घेतली, की काकांनी स्वतःच्या गल्ल्यातून भरलं, हे आता कळायचं नाही.

भाच्याला हे सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "मग काय करू?"

म्हटलं, 'के' घे, वेग वाढव, मजा कर. फक्त दुसऱ्या प्रोसेसरचे पैसे आधी बाजूला काढून ठेव.

त्याने थोडा वेळ हिशोब केला. मग म्हणाला, "मामा, बिन-केवाला केवढ्याला असतो?"