धुऱ्यावरची गुळवेल

आश्विनात दिवस मावळला की मोर्शीच्या शिवारात संत्र्याच्या बागांतून धूर उठू लागतो. ओला पालापाचोळा पेटवून केलेला हा धूर थंडीसाठी नसतो, रस शोषणाऱ्या पतंगासाठी असतो. आंबिया बहाराचं फळ रंगावर येतं आणि नेमका तेव्हाच हा पतंग अंधार पडताच बागेत उतरतो. पंख मिटून बसला की वाळकं पानच. उघडले की मागच्या पंखांवर पिकल्या संत्र्याचा रंग आणि काळे पट्टे. इतर पतंगांची सोंड मऊ असते, याची टणक आणि टोकाशी काटेरी. ती सालीत खुपसून तो रस पितो. मागे सुईनं टोचल्यासारखं छिद्र राहतं, फळ दाबलं की तिथून रस झिरपतो. पुढं त्याच वाटेनं बुरशी शिरते आणि फळ गळतं.

गंमत अशी की त्याची अळी संत्र्याला तोंडही लावत नाही. ती वाढते धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, बोरी-बाभळींवर चढलेल्या गुळवेलीच्या, वासनवेलीच्या पानांवर. म्हणून वेली उपटा, अशी शिफारस केली जाते. तर्क बिनचूक आहे, हिशेब तेवढा अपुरा. पतंग लांबवर उडणारा, आणि मोर्शीच्या उत्तरेला सालबर्डीपाशी सातपुडा उभा. तिथली गुळवेल कोण उपटणार? शिवाय वेल आणि पतंग दोघंही इथले जुने रहिवासी. संत्रा मागाहून आला.

ज्याच्या झाडाखाली सडा पडलाय त्याला वेलीचं कौतुक सांगू नये, असं कोणी म्हणेल. रास्त आहे, टोचलेलं फळ व्यापारी घेत नाही. पण सडक्या फळाच्या वासानंही पतंग येतो, तेव्हा गळलेली फळं रोज वेचून पुरणं, संध्याकाळी धूर करणं, फळांच्या रसाचं विषारी आमिष ठेवणं हे उपाय नुकसान होतं तिथंच लागू पडतात. त्यांना रोज मजूर लागतो. वेल एका दिवसात उपटून होते, हेच तिचं दुर्दैव. बागेच्या आत, संत्र्याच्याच झाडावर चढलेली वेल काढावी, त्यात वाद नाही. धुरा मात्र दोघांचा असतो. शेजाऱ्याला न विचारता तिथं कोयता चालवला, तर पतंग येवो न येवो, भांडण येईलच. आणि धुऱ्याची भांडणं वऱ्हाडात आधीच पुरेशी आहेत.