डिअर म्हणजे महाग

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. आठवी-नववीत पत्रलेखन आलं. हेडमास्तरांकडं दोन दिवसांची रजा मागायची, तरी वर 'डिअर सर' लिहायचं. गुरुजी सांगत, डिअर म्हणजे प्रिय. आम्ही पोरं गालातल्या गालात हसायचो. ज्यांच्या छडीनं हात लाल व्हायचे, ते प्रिय कसे? गुरुजी म्हणत, "अरे, ती रीत आहे. आपण कोणालाही स. न. वि. वि. लिहितो, त्यातलं 'सप्रेम' कोण मोजतं?"

आपल्याकडं माणूस पाहून मायना असतो. वडलांना तीर्थरूप, धाकट्याला चिरंजीव. इंग्रजीत बाप, बायको, साहेब सगळ्यांना एकच डिअर. आता मोबाईलवर कर्जाच्या हप्त्याची आठवण येते, तीही 'डिअर कस्टमर' म्हणून. त्यात माया किती, हे शब्दावरून कळत नाही. लिहिणारा कोण, ते पाहावं लागतं.

या शब्दाचा दुसरा अर्थ मला शाळा सुटल्यावर कळला. नोकरीवाले भाऊबंद 'डीए वाढला' म्हणून खूश व्हायचे. डीए म्हणजे डिअरनेस अलाउन्स, महागाई भत्ता. म्हणजे डिअरचा अर्थ महाग! इंग्रजीत हे दोन्ही अर्थ फार जुने. ज्याचं मोल जास्त ते महाग, आन् जिवाला लागलेलं तेही डिअरच.

हे शेतकऱ्याला समजवावं लागत नाही. आम्ही रावेरचे केळीवाले. रोपं, ठिबक, खत, मजुरी, सगळं डिअर. मे महिन्यात गरम वारं सुटलं की बाग लेकरावाणी जपायची, कडेनं हिरवी जाळी बांधायची. सालभरानं घड उतरायला आले की बुऱ्हाणपूरच्या भावाकडं कान लावून बसायचं. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. 2021 साली आमच्याच तालुक्यातल्या तांदलवाडीची 22 टन केळी दुबईला गेली. ऐकून छाती फुगते. पण भाव पडतो त्या दिवशी बाग आपल्या जिवाला तेवढी डिअर राहते, बाजाराला नाही.

आमच्याकडची म्हातारी माणसं 'महाग' हा शब्द आणखी एका तऱ्हेनं वापरतात. उन्हाळ्यात विहीर आटली की 'पाण्याले महाग झालो' म्हणतात. लेक दूर गेला की 'माय त्याचं तोंड पाहाले महाग झाली' म्हणतात. यात पैशाचा संबंध नाही. जे हवं ते मिळेनासं झालं, एवढाच अर्थ.

माझा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. दिवाळीला येतो, दोन दिवसांत परततो. गेल्या वाढदिवसाला त्याचा मेसेज आला, 'डिअर पप्पा'. बायकोनं विचारलं, काय लिहिलं? मी गमतीनं म्हटलं, "महाग पप्पा." ती हसली नाही. म्हणाली, "खरंच लिह्यलं पोरानं. तो आपल्याले महाग झाला, आन् आपुन त्याले."

मी त्याला उत्तर मराठीत लिहिलं. मायना घातला, चिरंजीव. खूप जग, एवढं तरी त्या शब्दात आहे. खाली लिहिलं, पुढच्या महिन्यात केळी कापायची आहे, जमलं तर ये.