कॉर्नरबॅक शोधणाऱ्या स्काउटसाहेबांस

रा. रा. स्काउटसाहेब यांस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, एनएफएलचा ड्राफ्ट जवळ आला. इंडियानापोलिसचं कम्बाइन आटोपलं, कॉलेजांचे प्रो-डे संपत आले, आणि आता बत्तीस संघांच्या बंद खोल्यांत तुम्ही मंडळी फळ्यावरच्या नावांच्या पट्ट्या वर-खाली करत असाल. अशा घाईत परक्या बाईचं पत्र वाचायला सवड कुठली! पण मी तशी परकी नाही. पिट्सबर्गमध्ये माझा संसार झाला, स्टीलर्सचे सामने बघत मुलं मोठी झाली, आणि तुम्ही दर वसंतात कुणाला उचललंत, कुणाला वगळलंत याचा हिशेब आमच्या जेवणाच्या टेबलावर होत आला. त्या ओळखीच्या हक्कानं लिहिते.

आधी आभार मानते, कारण ते कुणी मानत नाही. ऑगस्टपासून तुम्ही घराबाहेर. आज या कॉलेजात सराव बघायचा, उद्या दोनशे मैल गाडी हाकून दुसऱ्या गावी जायचं, रात्री मोटेलच्या खोलीत अहवाल लिहायचा. प्रशिक्षकाशी बोलायचंच, शिवाय पट्ट्या बांधणाऱ्या ट्रेनरशी आणि कपडे-हेल्मेट सांभाळणाऱ्या माणसाशीही बोलायचं. मुलगा कुणी बघत नसताना कसा वागतो, हे त्यांनाच ठाऊक असतं. एवढं करून निवड चुकली की नाव तुमचं, जमली की जनरल मॅनेजरचं. थंडीत दोन घास गरम खात जा, साहेब.

सगळ्या जागांविषयी लिहीत नाही, फक्त कॉर्नरबॅकविषयी लिहिते. हे पत्र सांगली-मिरजेची माझी माणसंही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. ड्राफ्ट म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या संघांनी फेऱ्याफेऱ्यांनी केलेली कॉलेजच्या खेळाडूंची निवड; कम्बाइन आणि प्रो-डे म्हणजे त्याआधीच्या धावण्या-मोजण्याच्या कसोट्या. कॉर्नरबॅक हा बचावातला कडेचा गडी. समोरच्या संघाचा रिसीव्हर, म्हणजे धावत जाऊन पास झेलणारा, मैदानाच्या कडेला उभा असतो आणि हा त्याच्यासमोर. कुठवर धावायचं, कुठे वळायचं हे रिसीव्हरला आधीच ठाऊक असतं. याला काही ठाऊक नसतं, आणि बऱ्याचदा सुरुवातच उलट्या पावलांनी करायची असते. मग समोरचा वळला की त्याच क्षणी कंबर फिरवायची, पाठलाग करायचा, आणि चेंडू हवेत असताना मान वळवून तो शोधायचा. पाऊलभर उशीर झाला की सत्तर हजार लोकांसमोर टचडाउन, आणि पडद्यावर याचीच पाठ.

माझे वडील एकदा थंडीत आमच्याकडे राहायला आले होते. आयुष्यभर कबड्डी खेळलेले; या खेळाचा एक नियम माहीत नव्हता. थोडा वेळ गप्प बसून बघितलं आणि मला म्हणाले, “तू चेंडूकडं कशाला बघतीस? त्या कडंच्या पोराकडं बघ. समोरच्याच्या कमरंवर नजर ठेवून मागं सरतंय. आमचा कोपऱ्यातला गडी असाच चढाईवाल्याची कंबर बघायचा. पाय फसवतो, खांदा फसवतो, कंबर नाही फसवत.” त्या दिवसापासून मी चेंडू सोडून कडेला बघायला लागले. पण टीव्हीवर ते अर्धंच दिसतं. कॅमेरा चेंडूमागे जातो आणि कडेची ती दोन पोरं चित्राबाहेर पळून जातात. तुमच्याकडे मात्र बावीसच्या बावीस गडी दिसणारी फिल्म असते. ती नीट बघणं हेच तुमचं काम आणि, खरं सांगू का, भाग्यही.

कारण या जागेवरचा गुण न घडलेल्या गोष्टींत असतो. कॉर्नरबॅक फार चांगला असला की क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, त्याच्या बाजूला चेंडू फेकतच नाही. मग त्याच्या नावापुढे इंटरसेप्शन, म्हणजे हिसकावलेले पास, कमी, अडवलेले पास कमी, आकड्यांचा रकाना रिकामा. आमच्या शेजारच्या अ‍ॅलिक्विपाचा डॅरेल रेव्हिस इथेच, पिट विद्यापीठात खेळला. २००७ साली न्यूयॉर्कच्या जेट्सनी अदलाबदल करून वरचा क्रमांक मिळवला आणि त्याला चौदावा घेतला. पुढे त्याच्या बाजूला लोक ‘रेव्हिस आयलंड’ म्हणायला लागले. रिसीव्हर तिकडे गेला की एकटा पडायचा, चेंडू पोचायचाच नाही. २०२३ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. तुमच्यातल्या कुणीतरी त्याच्याकडे न आलेले चेंडू मोजले असणार. त्या माणसाला माझा नमस्कार कळवा.

आता तक्रारीकडे वळते. २०२२ चा लास व्हेगासचा ड्राफ्ट काढा. लुइझियाना स्टेटचा (एलएसयू) डेरेक स्टिंगली कॉलेजच्या पहिल्याच वर्षी, २०१९ मध्ये, सहा इंटरसेप्शन घेऊन राष्ट्रीय विजेत्या संघात चमकला होता, पण नंतर दुखापतींनी त्याला धरलं. २०२१ मध्ये तो तीनच सामने खेळला. ह्यूस्टननं तरी त्या जुन्या फिल्मवर भरवसा ठेवून त्याला तिसरा घेतला, आणि २०२४ मध्ये तो ऑल-प्रोच्या, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात आला. लगेच चौथ्या क्रमांकावर जेट्सनी सिनसिनाटी विद्यापीठाचा सॉस गार्डनर घेतला. कॉलेजच्या तीन हंगामांत त्याच्या राखणीवर एकही टचडाउन झालं नव्हतं. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित बचावपटू तोच ठरला. इथवर शाबास.

पण त्याच ड्राफ्टमध्ये आणखी खाली या. त्या वर्षीच्या कम्बाइनमध्ये बेलरचा केलन बार्न्स चाळीस यार्ड ४.२३ सेकंदांत धावला आणि टेक्सस-सॅन अँटोनियोचा तारिक वूलन ४.२६ सेकंदांत. घड्याळात अंतर किती, तर तीन शतांश सेकंद. बार्न्सला कॅरोलिनानं सातव्या फेरीत २४२ वा घेतला आणि हंगाम सुरू होण्याआधीच सोडला. वूलनला सिअ‍ॅटलनं पाचव्या फेरीत १५३ वा घेतला आणि पहिल्याच वर्षी सहा इंटरसेप्शन घेऊन तो लीगमध्ये संयुक्त पहिला आला. बार्न्सला मी बोल लावत नाही. घड्याळानं त्याच्याबद्दल सांगितलं ते खरंच होतं, पण घड्याळाला तेवढंच सांगता येतं. वूलन सहा फूट चार इंचांचा, आधी रिसीव्हर होता, कॉर्नरबॅकची जागा नुकतीच शिकत होता. त्याला जे येत नाही ते शिकवता येईल, असं तुमच्यातल्या कुणाला तरी वाटलं. मग चार फेऱ्या का थांबलात? सिअ‍ॅटलसुद्धा थांबलं! आणि तेही त्याच्या अकरा वर्षं आधी तसाच एक मुलगा घेतलेला असताना: स्टॅनफर्डचा, आधी रिसीव्हर असलेला, चाळीस यार्डांत डोळ्यांत न भरलेला रिचर्ड शर्मन. २०११, पाचवी फेरी, १५४ वा. २०१३ मध्ये आठ इंटरसेप्शन घेऊन तो लीगमध्ये पहिला होता.

हातांच्या लांबीचंही तसंच. खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत पट्टी लावता, आणि कॉर्नरबॅकचा हात तीस इंचांच्या आत भरला की तुमचा चेहरा पडतो. ट्रेंट मॅकडफीचे हात असेच आखूड. तोही याच २०२२ च्या ड्राफ्टमधला, एकविसावा. २०२३ च्या ऑल-प्रोच्या पहिल्या संघात त्याचं नाव आहे. मोजमाप करू नका असं मी म्हणत नाही. लांब हात सुरुवातीलाच रिसीव्हरच्या छातीवर पोचतो, त्याची पहिली दोन पावलं बिघडवतो, हे मलाही दिसतं. पण आखूड हातांचा मुलगा पहिलीपासून लांब हातांच्या मुलांशी खेळत आला आहे. त्यानं वाट काढली नसती तर तो तुमच्या पट्टीसमोर उभाच राहिला नसता.

फिल्मसुद्धा फसवते, हे तुम्हाला मी काय सांगावं. तरी काळजीपोटी सांगते. कॉलेजच्या मैदानावर मधल्या हॅश-रेघांत चाळीस फुटांचं अंतर, एनएफएलमध्ये साडेअठरा. म्हणून कॉलेजात चेंडू एका रेघेवर ठेवला की एक बाजू अरुंद होते आणि दुसरी ऐसपैस. जो मुलगा कायम अरुंद बाजूला खेळला त्याला कडेची रेघच मदत करत होती. दुसरं, कॉलेजात पास सुटेपर्यंत रिसीव्हरला धक्के देता येतात, इथे पाच यार्डांपुढे हात लावायचा नाही. हा नियम १९७८ चा, आणि तो आमच्याच मेल ब्लाउंटमुळे आला. सदर्न विद्यापीठाचा हा धिप्पाड कॉर्नरबॅक स्टीलर्सनी १९७० मध्ये तिसऱ्या फेरीत घेतला. तो रिसीव्हरांना जागेवरून हलूच देत नसे, म्हणून नियमच बदलावा लागला. तिसरं, पास झेलताना अडथळा आणला तर कॉलेजात दंड फार तर पंधरा यार्डांचा, इथे मात्र जिथे गुन्हा तिथे चेंडू, मग ते चाळीस यार्ड का असेनात. कॉलेजच्या फिल्ममध्ये जर्सी ओढणारा हात दिसला की त्याची इथली किंमत मोजा. पण मान वळवून चेंडू शोधायची सवय असेल, तर हात सुधारतो. हे माझं अनेक वर्षं कडेला बघून झालेलं मत आहे.

आता जरा कठोर बोलते, राग मानू नका. २०१६ साली ओहायो स्टेटच्या एका कॉर्नरबॅकला मुलाखतीत एका संघाच्या प्रशिक्षकानं विचारलं, तुला पुरुष आवडतात का. त्या संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला पुढे जाहीर माफी मागावी लागली. त्याच मुलाबद्दल तुमच्यापैकी एकानं, नाव न देता, वर्तमानपत्राला सांगितलं की त्याला जगण्याची कौशल्यं नाहीत, स्वयंपाकसुद्धा येत नाही. वीस वर्षांचं पोर हो ते! आमच्याकडे त्या वयाच्या मुलांना वरणाची फोडणी येत नाही, म्हणून कुणी त्यांची चारचौघांत नालस्ती करत नाही, आई शिकवते. त्याआधी २०१२ मध्ये दुसऱ्या एका कॉर्नरबॅकचे बुद्धिचाचणीतले गुण बाहेर फुटले होते आणि देशभर त्याची थट्टा झाली. ती चाचणी २०२२ पासून कम्बाइनमधून गेली, बरं झालं. या मुलांना तुम्ही अंतर्वस्त्रांवर उभं करून मोजता, बत्तीस संघांचे डॉक्टर त्यांचे गुडघे वाकवून बघतात. तेवढं ती सोसतात. त्यांच्याबद्दल जे काही वाईट लिहायचं ते अहवालात लिहा, तुमचं ते कर्तव्यच आहे. पण ते अहवालातच राहू दे.

बिल नन यांची आठवण तुम्हाला मी करून द्यायची म्हणजे जरा आगाऊपणाच. पण हल्लीच्या तरुण स्काउटांना नाव तरी ठाऊक असेल ना, अशी शंका येते. ते आमच्या पिट्सबर्ग कूरियर या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्राचे क्रीडा संपादक. कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांतले सर्वोत्तम खेळाडू ते दरवर्षी निवडून छापत, आणि स्टीलर्स त्या मुलांची दखल घेत नसत. ननांनी तोंडावर हे सुनावलं म्हणून स्टीलर्सच्या डॅन रूनी यांनी त्यांनाच स्काउट म्हणून संघात घेतलं. पुढची गोष्ट इथे सगळे सांगतात: अलाबामा ए अँड एमच्या जॉन स्टॉलवर्थची धाव बघायला बरेच स्काउट गेले. मैदान ओलं होतं, वेळ वाईट आली, मंडळी गाडीत बसून पुढच्या गावी गेली. नन बरं वाटत नाही म्हणून मागे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या मुलाला कोरड्या जागी पुन्हा पळवलं. १९७४ मध्ये चौथ्या फेरीत स्टॉलवर्थ स्टीलर्सकडे आला. तो रिसीव्हर होता हे खरं. पण मला ननच हवे आहेत, कॉर्नरबॅकसाठी. आज नन आणि स्टॉलवर्थ दोघेही हॉल ऑफ फेममध्ये आहेत.

म्हणून विनंती. कॉर्नरबॅकची फिल्म बघताना त्यानं मार खाल्लेली चाल सापडली की ती नोंदवा, आणि तिथे थांबू नका. त्याच्या लगेच पुढची चाल बघा. तो दोन यार्ड मागे सरकून उभा राहतो का? की होता तिथेच, समोरच्याच्या छातीला छाती लावून? माल्कम बटलर २०१५ च्या सुपर बोलमध्ये शेवटच्या वीसेक सेकंदांत गोलरेघेवर पास हिसकावून पॅट्रियट्सना जिंकवून गेला. त्या आठवड्यात सरावात त्याच चालीवर तो चुकला होता. मार खाऊन तो ती चाल शिकला आणि पुन्हा दिसली तेव्हा रिसीव्हरच्या आधी तिथे पोचला. हे इंडियानापोलिसच्या कुठल्या कसोटीत मोजणार? ते चौथ्या क्वार्टरच्या फिल्ममध्ये सापडतं, रात्री उशिरा, डोळे मिटायला लागलेले असताना. तेवढी एक चाल पुढे बघा.

घरच्यांना माझा नमस्कार सांगा. ड्राफ्ट झाला की चार दिवस सुट्टी घ्या, मुलांजवळ राहा. लोभ आहेच, तो वाढावा.

कळावे,
आपली,
कडेला बघणारी एक पिट्सबर्गकरीण

ता. क. — बटलरला सातही फेऱ्यांत कुणी घेतलं नव्हतं, हे लिहायचं राहिलं. वेस्ट अलाबामासारख्या छोट्या कॉलेजचा; नवोदितांच्या शिबिरात नुसत्या चाचणीसाठी बोलावलेला. आणि ‘नाइट ट्रेन’ लेन? १९५२ मध्ये ड्राफ्ट तीस फेऱ्यांचा होता, तरी त्यात त्याचं नाव नव्हतं. कात्रणांची वही काखेत घेऊन तो आपणहून रॅम्सच्या कचेरीत गेला. त्या हंगामात बारा सामन्यांत त्यानं १४ इंटरसेप्शन घेतले. तो विक्रम अजून मोडलेला नाही. तेव्हा शनिवारी संध्याकाळी सातवी फेरी संपली की लगेच कोट घालू नका. तुमच्या यादीत खाली राहिलेल्या कॉर्नरबॅकना फोन लावायचे असतात. आधी लहान कॉलेजांच्या मुलांना लावा.